एसीई-२ जास्त असणे धोक्याचे की कमी असणे?

प्रश्न : अन्वेषा

नमस्कार. करोना विषाणूच्या पेशीप्रवेशाविषयी वाचताना एका ठिकाणी माझे गाडे अडले आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

सार्स-कोव्ह-२ हा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, हे सर्वश्रुत आहे. त्यावरून सरळ निष्कर्ष असा निघतो की ज्याच्या पेशींवर हे प्रथिन अधिक, त्याला संसर्ग लवकर होणार आणि आजारही अधिक तीव्र होणार. परंतु हेच प्रथिन मुळात एक एन्झाइम आहे, ते अँजिओटेन्सिन-२ या रेणूचे विघटन करते आणि त्यामुळे फुप्फुसांचे इजेपासून रक्षण होते, असेही तितक्याच अधिकारवाणीने लिहिलेले आढळते. ही दोन्ही विधाने एकाच लेखात, अवघ्या दोन परिच्छेदांच्या अंतराने, एकमेकींची दखलही न घेता मांडलेली मी पाहिली आहेत.

हे दोन्ही खरे असेल, तर एसीई-२ जास्त असलेले बरे की कमी असलेले? विषाणू चिकटल्यानंतर त्या एन्झाइमचे मूळ काम चालू राहते की थांबते? आणि एका रुग्णाला नुसते नाक वाहण्यावर निभावते, तर दुसऱ्याला प्राणवायू लावावा लागतो, या फरकात या प्रथिनाचा वाटा नेमका किती?

यामागे एक व्यावहारिक शंकाही आहे. २०२० साली रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एसीई-२ वाढते आणि म्हणून त्या घातक आहेत, असा संदेश बराच फिरला होता. माझ्या घरात या गोळ्या नियमित घेतल्या जातात. तो संदेश पुढे खोटा ठरला एवढे माहीत आहे, पण का खोटा ठरला ते कोणी समजावून सांगितलेले नाही.

माझे शिक्षण रसायनशास्त्राचे आहे, वैद्यकाचे नाही. तेव्हा रेणूंची नावे कितीही आली तरी चालतील, रुग्णालयातील परिभाषा मात्र कृपया उलगडून सांगावी.


प्रतिसाद : निरंजन

अन्वेषाताई, आपले शिक्षण रसायनशास्त्राचे आहे हे बरेच झाले, कारण या प्रश्नाची सुरुवात रसायनापासूनच करावी लागते.

रक्तदाब आणि शरीरातील क्षार-पाण्याचा तोल सांभाळणाऱ्या साखळीत अँजिओटेन्सिन-१ हा दहा अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड असतो. एसीई हे जुने, परिचित एन्झाइम त्याच्या शेपटीकडील दोन अमिनो आम्ले एकदम छाटते आणि आठ अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-२ तयार होतो. हा रेणू एटी-१ नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरील, ठरावीक रेणू चिकटणाऱ्या प्रथिनावर) बसला की रक्तवाहिन्या आकसतात, दाह वाढतो आणि दीर्घकाळ हेच चालू राहिले तर ऊतींमध्ये तंतू साचू लागतात. एसीई-२ हे याच घराण्यातले, परंतु २००० साली ओळखले गेलेले एन्झाइम आहे. ते एका वेळी एकच अमिनो आम्ल कापते. अँजिओटेन्सिन-२ च्या टोकाचे फेनिलअॅलानिन त्याने काढून टाकले की सात अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन १-७ उरतो, आणि हा मास नावाच्या वेगळ्या रिसेप्टरमार्फत जवळजवळ उलट परिणाम घडवतो, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाह शमतो. एक एन्झाइम ज्या दिशेने ताणते, त्याच्या विरुद्ध दिशेने दुसरे खेचते, असा हा तोल आहे.

आता विषाणूकडे वळू. २००३ साली, पहिल्या सार्सची साथ ओसरल्यावर काही महिन्यांतच, त्या विषाणूचा रिसेप्टर एसीई-२ हाच असल्याचे सिद्ध झाले. २०२० च्या सुरुवातीला नव्या विषाणूबाबतही तेच आढळले. येथे एक बाब फारशी सांगितली जात नाही, ती म्हणजे विषाणूला या प्रथिनाच्या एन्झाइमपणाशी काहीही कर्तव्य नसते. एसीई-२ हे ८०५ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याचा बहुतांश भाग पेशीच्या बाहेर असतो आणि त्या भागात एक खोल खाच असते. पेप्टाइड कापण्याचे काम या खाचेच्या तळाशी, जस्ताच्या अणूच्या साहाय्याने होते. विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे स्पाइक प्रथिन मात्र खाचेत न शिरता बाहेरच्या कडेवरील, प्रथिनाच्या सुरुवातीच्या वेटोळ्यावर टेकते. उत्परिवर्तन घडवून एन्झाइमची कापण्याची क्षमता पूर्णपणे नष्ट केली, तरी ते विषाणूला पूर्वीप्रमाणेच आत घेते. त्यामुळे रिसेप्टर आणि एन्झाइम ही एकाच प्रथिनाची दोन स्वतंत्र कामे आहेत, हे आधी मनाशी पक्के करावे.

त्यांचा संबंध जुळतो तो पुढच्या टप्प्यावर. विषाणू चिकटल्यावर एसीई-२ त्याच्यासोबत पेशीच्या आत ओढले जाते. शिवाय अॅडम-१७ नावाचे दुसरे एन्झाइम पेशीबाहेर असलेला एसीई-२ चा भाग कापून मोकळा करते, आणि गंमत अशी की अँजिओटेन्सिन-२ वाढले की अॅडम-१७ अधिक सक्रिय होते. परिणामी पेशीच्या पृष्ठभागावर एसीई-२ उरते कमी आणि अँजिओटेन्सिन-२ चा निचरा मंदावतो.

आपल्या मूळ कोड्याचे उत्तर मला तरी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत सर्वांत स्पष्ट दिसते. ज्या उंदरांमध्ये एसीई-२ चे जनुकच काढून टाकले होते, त्यांना पहिल्या सार्सच्या विषाणूची लागण केल्यावर त्यांच्या फुप्फुसांत विषाणू नाममात्रच सापडला, कारण त्याला शिरायला दारच नव्हते. परंतु तसल्याच उंदरांच्या फुप्फुसांना आम्लाने किंवा जंतुसंसर्गाने इजा केली, तेव्हा त्यांची अवस्था साध्या उंदरांपेक्षा कितीतरी वाईट झाली. बाहेरून एसीई-२ दिल्यावर ती सुधारली. याच मालिकेत आणखी एक प्रयोग झाला. साध्या उंदरांना विषाणू न देता केवळ त्याचे स्पाइक प्रथिन दिले, तेव्हा फुप्फुसांतील एसीई-२ घटले आणि आम्लामुळे झालेली इजा बळावली. एटी-१ रिसेप्टर अडवणारे औषध दिल्यावर ती कमी झाली.

म्हणून माझे उत्तर असे आहे की ‘जास्त की कमी’ या प्रश्नाला ‘केव्हा’ हा शब्द जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. लागण होण्यापूर्वी नाकातील पेशींवर एसीई-२ अधिक असणे विषाणूच्या पथ्यावर पडते, आणि लागण फुप्फुसांत उतरल्यावर तेथील एसीई-२ घटणे रुग्णाच्या मुळावर येते.


प्रतिसाद : ऊर्मिला

निरंजन, मांडणी सुबक आहे आणि तिचा पहिला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याबाबत मात्र माझे मत बरेच वेगळे आहे. उंदरांतील इजेचे प्रयोग सुरेख असले, तरी त्यावरून माणसांतील कोव्हिडची तीव्रता एसीई-२ च्या घटीमुळे ठरते असे म्हणणे म्हणजे चार पायऱ्या एकदम चढण्यासारखे आहे.

प्रथम एनएल-६३ या विषाणूचे उदाहरण पाहावे. २००४ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला हा करोना विषाणू जगभर आढळतो आणि बहुतेकांना त्यापासून साधी सर्दी होते. त्याचाही रिसेप्टर एसीई-२ हाच आहे. पहिल्या सार्सचा रिसेप्टरही तोच होता, आणि त्या साथीत सुमारे ८,००० रुग्णांपैकी ७७४ दगावले. दार एकच असताना एक विषाणू सर्दीवर थांबतो आणि दुसरा दहातील एकाचा बळी घेतो, तर तीव्रतेचे कारण दारापलीकडे शोधायला हवे. उलट बाजूने पाहिले तर मर्स या दुसऱ्या श्वसनविकाराचा करोना विषाणू डीपीपी-४ या पूर्णपणे वेगळ्या प्रथिनावरून शिरतो, अँजिओटेन्सिनच्या साखळीला थेट हातही लावत नाही, आणि तरीही तो या सर्वांहून अधिक प्राणघातक आहे.

दुसरा मुद्दा रुग्णांतील मोजमापांचा. रुग्णांच्या रक्तात अँजिओटेन्सिन-२ वाढल्याचा दावा २०२० च्या आरंभी मोजक्या रुग्णांच्या तपासणीवरून करण्यात आला होता. पुढच्या अभ्यासांत तो एकसारखा टिकला नाही. कोठे पातळी वाढलेली आढळली, कोठे नेहमीइतकीच, तर कोठे घटलेलीही. फुप्फुसांच्या ऊतीत काय घडते ते रक्तावरून कळत नाही, असा बचाव करता येईल आणि तो अगदीच चुकीचा नाही, परंतु मग त्या मताला आधार कोठून आणायचा?

तिसरा आणि माझ्या लेखी निर्णायक मुद्दा उपचारांचा आहे. अँजिओटेन्सिन-२ साचणे हेच आजार बळावण्याचे मुख्य कारण असते, तर एटी-१ अडवणाऱ्या औषधांनी रुग्ण सुधारायला हवे होते. लोसार्टन आणि टेल्मिसार्टन वापरून झालेल्या चांगल्या प्रतीच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. अतिगंभीर रुग्णांना अशी औषधे नव्याने सुरू करून पाहणारी रीमॅप-कॅप ही आंतरराष्ट्रीय चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण परिणाम सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता अधिक दिसू लागली होती. याउलट डेक्सामेथासोन या जुन्या स्टेरॉइडने २०२० च्या जून महिन्यात जाहीर झालेल्या रिकव्हरी चाचणीत कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा काहीही लाभ झाला नाही. म्हणजे आजार बळावल्यानंतर नुकसान करते ती प्रामुख्याने शरीराची बेताल प्रतिकारयंत्रणा.

यातील सर्वांत बोलका पुरावा इंटरफेरॉनसंबंधी आहे. विषाणू शिरल्यावर पेशी शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी जी प्रथिने सोडतात, ती ही इंटरफेरॉन. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य किंवा लक्षणविरहित लागण झालेल्या ६६३ जणांत ती एकाकडेही नव्हती. एसीई-२ च्या कोणत्याही मोजमापाने गंभीर आणि सौम्य रुग्णांना इतके स्वच्छ वेगळे करून दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही.


प्रतिसाद : निरंजन

ऊर्मिलाताई, डीपीपी-४ आणि एनएल-६३ ही उदाहरणे बिनतोड आहेत. एक पुस्ती मात्र जोडतो. चाचण्या फसल्या म्हणून कार्यकारणभाव खोटा ठरतो असे नाही. रुग्ण रुग्णालयात येईपर्यंत आठवडा उलटलेला असतो, रक्तदाब डळमळीत असतो, मूत्रपिंडे ताणाखाली असतात, आणि अशा वेळी रक्तवाहिन्या सैलावणारे औषध देण्याचे तोटेही असतात. तेव्हा ‘ही यंत्रणा घडतच नाही’ यापेक्षा ‘ती घडत असली तरी रुग्णालयाच्या टप्प्यावर तिला हात घालून उपयोग होत नाही’ एवढेच त्या चाचण्यांतून सिद्ध होते, असे मला वाटते. तीव्रतेचा मोठा हिस्सा प्रतिकारयंत्रणेच्या खाती जातो, याबद्दल मात्र वाद नाही.


प्रतिसाद : अन्वेषा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाहेरच्या कडेवर विषाणू आणि खोल खाचेत एन्झाइमचे काम, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर अर्धा गोंधळ तेथेच मिटला.

अजून दोन गोष्टी विचारते. एसीई-२ चे प्रमाण माणसामाणसांत निरनिराळे असते, तर त्या फरकाचा संसर्गावर परिणाम होतो याचा माणसांतील थेट पुरावा आहे का? मुले, पुरुष, धूम्रपान करणारे यांच्याबाबत बरेच दावे वाचले आहेत. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रश्न अद्याप कोणी हाती घेतलेला नाही.


प्रतिसाद : श्रीधर

गोळ्यांचे मी सांगतो, कारण २०२० च्या मार्च महिन्यापासून कित्येक महिने या एकाच प्रश्नाला उत्तरे देण्यात माझा बराच वेळ गेला आहे. मी रुग्णसेवेत आहे.

रक्तदाबाच्या औषधांत दोन गट येथे प्रस्तुत आहेत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांचा गट एसीई हे एन्झाइम रोखतो, तर लोसार्टन, टेल्मिसार्टन यांचा गट एटी-१ रिसेप्टर अडवतो. नावातील साधर्म्यामुळे अनेकांना वाटते की पहिल्या गटातील औषधे एसीई-२ लाही रोखत असतील. ती रोखत नाहीत. दोन्ही एन्झाइम एकाच घराण्यातील असली तरी त्यांच्या खाचांची घडण वेगळी आहे, आणि एसीईच्या खाचेत चपखल बसणारा औषधाचा रेणू एसीई-२ च्या खाचेत बसत नाही. निरंजन यांनी सांगितलेला ‘दोन अमिनो आम्ले की एक’ हा फरकही त्याच घडणीतून येतो.

मग भीती कोठून निघाली? काही प्रयोगशाळांत, मुख्यत्वे उंदीर-घुशींमध्ये, ही औषधे भरपूर मात्रेत दिल्यावर हृदयात किंवा मूत्रपिंडात एसीई-२ वाढल्याचे आढळले होते. त्यातून असा तर्क लढवला गेला की माणसांच्या श्वसनमार्गातही तसेच होईल, त्यामुळे विषाणूला दारे वाढतील आणि आजार बळावेल. या साखळीतील एकही कडी माणसांत सिद्ध झालेली नव्हती. त्यात सुरुवातीच्या आकडेवारीने तेल ओतले, कारण गंभीर रुग्णांमध्ये उच्च रक्तदाब असणाऱ्यांची संख्या ठळक दिसत होती. ती दिसणारच होती, कारण गंभीर रुग्ण बहुतांशी वयस्कर होते आणि उतारवयात रक्तदाब वाढलेलाच असतो. वयाचा परिणाम वजा न करता काढलेला तो निष्कर्ष होता.

निकाल लावला तो यादृच्छिक चाचण्यांनी. ब्राझीलमधील ब्रेस कोरोना या चाचणीत ही औषधे आधीपासून घेणाऱ्या ६५९ रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाची गोळी ३० दिवस थांबवली आणि दुसऱ्याची चालू ठेवली. मृत्यूचे प्रमाण एका गटात २.७ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के, आणि जिवंतपणे रुग्णालयाबाहेर काढलेल्या दिवसांतही लक्षणीय फरक नाही. हे निष्कर्ष २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. रिप्लेस कोव्हिड नावाच्या दुसऱ्या चाचणीतूनही तेच निघाले. तोपर्यंत हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना गोळ्या बंद करू नका असेच सांगत होत्या, पण त्यांचे म्हणणे संदेशांच्या गलबल्यात हरवून जात होते. हृदय दुबळे झालेल्या रुग्णाने अशी गोळी अचानक सोडली तर काय होते ते मी जवळून पाहिले आहे. पायांवर सूज, रात्री आडवे होता न येणे, आणि मग करोनासाठी नव्हे तर हृदयासाठी खाट मिळवण्याची धावपळ.

येथे एक गल्लत टाळावी. ‘आधीपासून चालू असलेली गोळी पुढे चालू ठेवणे’ आणि ‘कोव्हिडवरील उपचार म्हणून तीच गोळी नव्याने सुरू करणे’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर असे की गोळी चालू ठेवावी. अपवाद रक्तदाब कोसळला, मूत्रपिंडे थकली किंवा रक्तातील पोटॅशियम वाढले तर, आणि तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. दुसऱ्याचे उत्तर ऊर्मिलाताईंनी वर दिलेच आहे.


प्रतिसाद : तेजस

माणसांतील थेट पुराव्याबद्दल लिहितो. असा पुरावा आहे, आणि तो जनुकशास्त्रातून आला आहे.

एसीई-२ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्याच्याजवळ डीएनएतील एका अक्षराचा एक दुर्मीळ बदल काही लोकांत आढळतो. त्यामुळे एसीई-२ ची निर्मिती सुमारे ३७ टक्क्यांनी घटते, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की हा बदल असणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. हा बदल जन्मतःच मिळालेला असतो. आजारामुळे एसीई-२ घटले की एसीई-२ घटल्यामुळे आजार झाला, असा संशय येथे उरत नाही, म्हणून या पुराव्याचे मोल अधिक. एसीई-२ कमी असणाऱ्यांना एकूण हिशेबात तोटा न होता फायदाच झाला, ही गोष्ट संरक्षक एन्झाइमच्या सिद्धान्तावर फार भर देणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. अर्थात हा फायदा मुख्यतः लागण टळण्याचा आहे.

मुलांविषयी सांगायचे तर २०२० साली नाकातील पेशींच्या नमुन्यांत दहा वर्षांखालील मुलांमध्ये एसीई-२ चे जनुक सर्वांत कमी व्यक्त होते, म्हणजे सर्वांत कमी सक्रिय असते, असे आढळले, आणि मुलांना सौम्य आजार होतो त्याचे कारण सापडले म्हणून सर्वांनी ते उचलून धरले. मला ही घाई वाटते. दारे कमी असती तर मुलांना लागणच कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात नंतरच्या लाटांत मुलांना भरपूर लागण झाली, त्यांच्या नाकांत विषाणूही मोठ्यांइतकाच सापडला, आणि तरीही आजार सौम्यच राहिला. याचे अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की मुलांच्या श्वसनमार्गातील पेशींत विषाणू ओळखणारी यंत्रणा आधीच जागी असते, त्यामुळे इंटरफेरॉनचा प्रतिसाद लवकर सुरू होतो. म्हणजे पुन्हा ऊर्मिलाताईंच्या मुद्द्यावरच आपण येतो.

पुरुषांबाबतही असेच काहीसे झाले. स्पाइकची काटछाट करून विषाणूला पेशीत शिरणे सुकर करणारे टीएमपीआरएसएस-२ हे दुसरे एन्झाइम पुरुषी संप्रेरकांच्या आज्ञेत असते. तेव्हा ती संप्रेरके दाबली तर पुरुष रुग्णांना फायदा होईल, असा तर्क निघाला. डेगारेलिक्स या औषधाची त्यासाठी रीतसर चाचणी झाली आणि लाभ दिसला नाही. त्याच एन्झाइमला थेट रोखणारे कॅमोस्टॅट पेशींच्या संवर्धनात उत्तम चालले होते, पण रुग्णालयातील रुग्णांवर तेही निष्प्रभ ठरले. धूम्रपानाने श्वसनमार्गातील एसीई-२ वाढते हे खरे आहे, मात्र धूम्रपानाने फुप्फुसांचे इतर इतके नुकसान झालेले असते की आजाराच्या तीव्रतेत एसीई-२ चा वाटा वेगळा काढून दाखवणे अवघड आहे.

इंटरफेरॉनचा विषय निघालाच आहे तर एक वळण सांगतो. इंटरफेरॉन मिळाले की पेशी एसीई-२ अधिक बनवतात, असे २०२० साली जाहीर झाले आणि चिंता पसरली, कारण याचा अर्थ शरीराची संरक्षक हाकच विषाणूसाठी नवी दारे उघडते असा होत होता. काही महिन्यांतच कळले की इंटरफेरॉनमुळे वाढते ते त्या जनुकाचे एक आखूड रूप आहे. त्याला स्पाइकही चिकटत नाही आणि ते पेप्टाइडही कापत नाही. जनुक किती व्यक्त होते एवढेच मोजले, तर दोन्ही रूपांची बेरीज हाती येते आणि निष्कर्ष फसतो. ‘एसीई-२ वाढले’ असे विधान वाचले की जनुकाची व्यक्तता मोजली, प्रथिन मोजले की रक्तात सुटलेला तुकडा मोजला, हे आधी पाहावे. वय आणि मधुमेह यांबाबत परस्परविरोधी दावे दिसतात, त्यातील बरेचसे याच घोटाळ्यातून आलेले आहेत.


प्रतिसाद : ऊर्मिला

तेजस यांनी टीएमपीआरएसएस-२ चा उल्लेख केला, त्यावरून ओमिक्रॉनचे उदाहरण येथे नोंदवते, कारण प्रवेशाचा मार्ग आणि तीव्रता यांचा संबंध त्यात चांगला दिसतो. आणि हो, हे उदाहरण माझ्या वरच्या भूमिकेला थोडा छेद देणारे आहे.

ओमिक्रॉनचे स्पाइक एसीई-२ ला मूळ विषाणूपेक्षा सैल चिकटते असे नाही. फरक पडतो तो चिकटल्यानंतर. डेल्टापर्यंतचे प्रकार टीएमपीआरएसएस-२ च्या मदतीने पेशीच्या पृष्ठभागावरूनच थेट आत घुसत. सुरुवातीचा ओमिक्रॉन त्यावर कमी अवलंबून होता. पेशीने पिशवीत ओढून घ्यायचे आणि तेथे कॅथेप्सिन या एन्झाइमने स्पाइक कापायचे, असा दुसरा मार्ग तो अधिक वापरी. हाँगकाँगमधील संशोधकांनी मानवी श्वसनमार्गाच्या ऊती प्रयोगशाळेत जिवंत ठेवून तुलना केली, तेव्हा श्वासनलिकेच्या ऊतीत २४ तासांनंतर ओमिक्रॉनची वाढ मूळ विषाणूच्या आणि डेल्टाच्या सुमारे ७० पट होती, तर फुप्फुसाच्या ऊतीत ती मूळ विषाणूच्या एक दशांशाहूनही कमी होती. एसीई-२ दोन्हीकडे तेच. प्रसार जास्त आणि फुप्फुसाला इजा कमी, हे ओमिक्रॉनचे लक्षण या निरीक्षणाशी जुळते. अर्थात तोपर्यंत लसीकरण आणि पूर्वीच्या लागणी यांमुळे लोकांची प्रतिकारशक्तीही बदललेली होती, त्यामुळे सौम्यतेचे सगळे श्रेय प्रवेशमार्गाला देता येणार नाही.

तेव्हा रिसेप्टर किती आहे यापेक्षा तो कोणत्या पेशीवर आहे आणि त्याच्या शेजारी काटछाट करणारे कोणते एन्झाइम आहे, या बाबींचा तीव्रतेशी जवळचा संबंध आहे, एवढे मी मान्य करते. नाकातील श्लेष्मा स्रवणाऱ्या आणि सूक्ष्म रोम असलेल्या पेशींवर एसीई-२ चांगले आढळते. खाली वायुकोशांत ते थोड्याच पेशींवर असते, पण त्या पेशी अशा असतात की वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध थर त्याच तयार करतात. त्या मेल्या की वायुकोश मिटू लागतात आणि रक्तातील प्राणवायू घसरतो.


प्रतिसाद : अन्वेषा

हे सर्व वाचल्यावर माझ्यातला रसायनवाला विचारतो की बाहेरूनच एसीई-२ टोचले तर? विषाणू त्यालाच चिकटून बसेल, शिवाय ते अँजिओटेन्सिन-२ ही कापत राहील. एकाच रेणूने दोन्ही कामे साधतील.


प्रतिसाद : निरंजन

हा विचार झाला आहे आणि अगदी याच दोन कारणांसाठी झाला आहे. पेशीच्या पटलातील भाग वगळून बनवलेले, पाण्यात विरघळणारे मानवी एसीई-२ फुप्फुसांच्या इतर आजारांसाठी आधीच तयार होते. २०२० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म प्रतिकृतींत त्याने विषाणूची लागण स्पष्टपणे रोखली. रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मात्र ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. ते शिरेतून दिले जात होते, आणि रक्तात सोडलेला एवढा मोठा रेणू नाकाच्या व वायुकोशांच्या आतल्या पृष्ठभागावर, म्हणजे विषाणू जेथे असतो तेथे, पुरेसा पोचणे कठीणच.

कल्पना मात्र सोडलेली नाही. स्पाइकला मूळ प्रथिनापेक्षा अधिक घट्ट धरतील असे बदल करून, काही ठिकाणी कापण्याची क्षमता मुद्दाम काढून टाकून, आणि नाकावाटे किंवा श्वासावाटे देण्याजोगी रूपे बनवून त्यावर काम चालू आहे. प्रतिपिंडांवर आधारलेली बहुतेक औषधे विषाणूच्या उत्परिवर्तनांपुढे एकामागून एक निकामी झाली. एसीई-२ च्या या तोतयाला चुकवायचे तर विषाणूला खऱ्या एसीई-२ वरचीही पकड सैल करावी लागेल, आणि ते त्याला परवडणारे नाही.